भीमगीतांच्या कार्यक्रमाची बिदागी कशी ठरवावी, आणि हे शिकवणारे कोणी असते का?

प्रश्न – आर्णी तालुक्यातील गायिका

सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहते आणि गेली ११ वर्षे भीमगीतांचे व प्रबोधनपर गीतांचे कार्यक्रम करते. आमच्या पार्टीत पेटी, ढोलक, ऑक्टोपॅड आणि कोरस असे चार साथीदार व मी, असे पाच जण आहोत. गळा कसा तयार करावा, कोणत्या पट्टीत गावे, दुय्यम सामन्यात (दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाच्या गायनात) समोरच्या पार्टीच्या गीताला कोणत्या गीताने उत्तर द्यावे, हे सारे मला गुरुजींनी शिकवले. मात्र आयोजकांशी पैशाविषयी कसे बोलावे हे त्यांनी कधी शिकवले नाही, कारण ते स्वतःच हातात पडलेले पाकीट न मोजता घरी आणत असत.

गेल्या जयंतीच्या हंगामातील एक प्रसंग सांगते. एप्रिलअखेरचा कार्यक्रम होता आणि फोनवर १२,००० रुपये बिदागी ठरली होती. आम्ही सायंकाळी सात वाजता साज लावून तयार होतो, परंतु पाहुण्यांची भाषणे आणि सत्कार सव्वानऊपर्यंत चालले आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागला. जेमतेम पाऊण तास गायला मिळाला. नंतर मंडपामागे कोषाध्यक्षांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वही ठेवून ९,००० रुपयांचा हिशेब केला. "कार्यक्रम अर्धाच झाला," असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या ९,००० मध्ये श्रोत्यांनी माईकवर नाव सांगून दिलेले बक्षिसाचे १,१४० रुपयेसुद्धा त्यांनी धरले होते. गाडीचे २,५०० आणि साथीदारांचे ६,००० दिल्यावर माझ्याकडे ५०० रुपये उरले. आमचे ढोलकवादक दादा शेजारीच उभे राहून सारे ऐकत होते. त्यांनी आपल्या पैशातील दोनशे रुपये परत माझ्या हातात ठेवले आणि "ताई, हे पुढच्या वेळी द्या" असे म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. बिदागी ठरवणे, लिहून घेणे आणि वसूल करणे हे व्यवस्थित शिकवणारी व्यक्ती आपल्या भागात कशी शोधावी? आणि एका ध्वनिमुद्रण कंपनीने आठ गीतांसाठी २०,००० रुपये देऊ करून करारपत्र पाठवले आहे, ज्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे राहतील" असे वाक्य आहे. त्यावर सही करावी का?

उत्तर १ – भंडारा जिल्ह्यातील भजनगायक, २७ वर्षांचा अनुभव

ताई, तुमचा प्रसंग वाचून मला माझी पहिली दहा वर्षे आठवली. शिकवणाऱ्याच्या प्रश्नाकडे नंतर येतो, कारण त्याआधी एक आकडा तुम्हाला स्वतःचा स्वतः काढावा लागेल आणि तो दुसरे कोणीही तुमच्यासाठी काढू शकणार नाही.

दोनशे पानांची एक वही घ्या आणि मागील वर्षी केलेले सर्व कार्यक्रम तारखेसह लिहा. समजा ते ३६ निघाले. जयंतीचे कार्यक्रम आपल्याकडे गावोगावी मे अखेरपर्यंत चालतात, पुढे पेरणी लागली की पावसाळ्याचे तीन महिने हाताला जवळजवळ काम नसते, आणि मग ऑक्टोबरमधील धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून पुन्हा सुरुवात होते. म्हणजे हे ३६ कार्यक्रम तुमचे बारा महिन्यांचे घर चालवतात. घराला महिन्याला १५,००० लागत असतील तर वर्षाचे १,८०,००० झाले आणि एका कार्यक्रमावर तुमच्या स्वतःच्या कष्टाचे ५,००० पडले. त्यात गाडीचे व साथीदारांचे ८,५०० मिळवा. ढोलकीची पुडी फाटते, माईकची वायर तुटते, घसा बसला तर डॉक्टरकडे जावे लागते, यासाठी ५०० धरा. बेरीज १४,००० होते. म्हणजे ठरलेले १२,००० पूर्ण मिळाले असते तरी तुम्ही तोट्यातच गात होता, आणि ते तुम्हाला कोणी दाखवून दिले नव्हते.

हा आकडा एकदा मनात पक्का बसला की फोनवर बोलताना आवाज आपोआप स्थिर राहतो, असा माझा अनुभव आहे. आयोजक म्हणाले की आमच्याकडे दहाच हजार आहेत, तर त्याच पाच जणांना घेऊन दहा हजारांत जाऊ नका. "दहा हजारांत आम्ही तिघे येऊ, पेटी-ढोलकावर दीड तास गाऊ," असे सांगा. दर उतरवला की पुढच्या वर्षी शेजारच्या गावालाही तोच दर कळतो. माणसे कमी केली तर दर जागेवर राहतो.

आता शिकवणाऱ्याविषयी. जो स्वतःची वही तुमच्यापुढे उघडून "या गावात मी फसलो, या गावात मी चुकलो" असे दाखवतो, त्याच्याकडे शिकावे. मला असा माणूस गायकांत मिळाला नाही. तो मंडप-साउंडवाला होता. गावोगावच्या मंडळांशी त्याचा वर्षानुवर्षांचा व्यवहार असल्यामुळे कोण वेळेवर पैसे देते आणि कोण रात्री वाद घालते, हे त्याला पाठ होते. मी एक संपूर्ण हंगाम त्याच्या शेजारी बसून त्याचे फोनवरचे बोलणे ऐकले.

उत्तर २ – वडसा (गडचिरोली जिल्हा) परिसरातील झाडीपट्टी रंगभूमीची गायक-अभिनेत्री

दादांनी मांडलेला हिशेब योग्य आहे, परंतु एका बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. चाळीस घरांच्या वस्तीत जयंतीची वर्गणी मजुरीच्या पैशातून जमा होते, आणि नगर परिषदेच्या महोत्सवाला सांगायचा दर तिथे सांगणे मला पटत नाही. मी दोन दर ठेवते आणि दोन्ही उघडपणे सांगते. वर्षाला चार कार्यक्रम कमी दरात करायचे हे मी आधीच ठरवून वहीत लिहिते, त्यामुळे ती माझी स्वतःची देणगी राहते आणि कोणी ती माझ्याकडून काढून घेतली असे मनात राहत नाही. पाचव्या गावाला मी नम्रपणे पुढच्या वर्षीचे नाव देते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि मंडई (गावची जत्रा) व शंकरपट (बैलांची शर्यत) यांच्या निमित्ताने गावोगावी नाटके होतात. गावातील मंडळ वडशाला येऊन नाट्यकंपनीशी संपूर्ण प्रयोगाचा सौदा करते, इसार (आगाऊ रक्कम) देते आणि तिकीटविक्रीचा नफा-तोटा स्वतः उचलते. पाहुण्याचे भाषण लांबले म्हणून कलाकाराचे पैसे कमी होत नाहीत, कारण सौदा प्रयोगाचा झालेला असतो, मिनिटांचा नाही. ताई, तुमच्या बोलणीत नेमके हेच राहून गेले. "पार्टी ठरलेल्या वेळी तयार असल्यास बिदागी पूर्ण द्यावी लागेल" आणि "श्रोत्यांनी दिलेले बक्षीस बिदागीत धरले जाणार नाही" ही दोन वाक्ये आधी लिहिली गेली असती, तर कोषाध्यक्षांना ती वही उघडता आली नसती. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० सालापासून आहे. मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते ती वर्षातील मोजक्या, जाहीर केलेल्या दिवसांनाच, त्यामुळे गायन किती वाजता सुरू होणार हेसुद्धा पत्रात असू द्या.

घशाविषयी एवढेच सांगते की सलग पाच रात्री गाण्याचे बोलावणे आले तर एक रात्र सोडावी. आवाज बसल्यावरही दोन प्रयोग रेटले म्हणून मला पुढे सहा आठवडे गाता आले नव्हते.

उत्तर ३ – अमरावतीतील कर सल्लागार, कलावंतांचे करार व विवरणपत्रे पाहतो

करारपत्राविषयी स्पष्ट लिहितो: आहे त्या स्वरूपात सही करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी गायकाला सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास रॉयल्टी मागण्याचा अधिकारही सादरकर्त्याला आहे, आणि गायकांच्या रॉयल्टीसाठी २०१३ मध्ये 'इसरा' ही संस्था स्थापन झाली. हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच मानतो. "कायमस्वरूपी" हा शब्द कंपनीने मुद्दाम घातला आहे, कारण तो नसता तर पाच वर्षांनी हक्क तुमच्याकडे परत आले असते. तो शब्द काढून "पाच वर्षे" लिहायला सांगा, आणि यूट्यूब, रिंगटोन व इतर डिजिटल माध्यमांतील उत्पन्नाचा तुमचा हिस्सा टक्क्यांत लिहून घ्या. कंपनीने नकार दिला तर २०,००० सोडून देण्याची तयारी ठेवा.

आता अनेक गायक विसरतात अशी एक गोष्ट. ती आठ गीते कोणाची आहेत? गीतकाराचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. भीमगीतांचे गीतकार वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे असल्याने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांवरील हक्कसुद्धा २०२८ अखेरपर्यंत आहे. आपल्या मातीतील शाहिरांची गीते आपल्याला आपलीच वाटतात आणि मंडपात ती पिढ्यानपिढ्या गायली गेली आहेत, परंतु ध्वनिमुद्रण करून विकताना परवानगी लागते. ती कोण घेणार, कंपनी की तुम्ही, हे करारात नसेल तर नोटीस तुमच्या नावाने येऊ शकते. भुलाबाईसारख्या पारंपरिक गाण्यांना ही अडचण नाही.

कराविषयी थोडक्यात: नगर परिषद किंवा शासकीय कार्यालय मानधनातून कर कापून घेत असेल, तर विवरणपत्र भरल्यावर तो बहुधा परत मिळतो, म्हणून पॅन क्रमांक अवश्य द्यावा. लोककला प्रकारातील कार्यक्रमाच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावर जीएसटी लागत नाही. आयोजकाने ते कारण सांगून पैसे कापले तर हरकत घ्यावी. बिदागी शक्यतो बँकेतून घ्या, म्हणजे पुढे कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावा तयार राहतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री वही लिहिली. मागील वर्षी माझे कार्यक्रम ३६ नव्हे तर ४१ झाले होते आणि त्यांपैकी नऊ ठिकाणी ठरल्यापेक्षा कमी पैसे मिळाले होते. हे मी आजवर कधी मोजलेच नव्हते. कंपनीला "पाच वर्षे" आणि उत्पन्नातील हिस्सा असे लिहून पाठवले आहे. आठपैकी तीन गीते वामनदादांची असल्यामुळे ती सध्या बाजूला ठेवली आहेत. उरलेली पाच माझ्या गुरुजींनी लिहिलेली आहेत आणि त्यांची लेखी परवानगी घेण्यासाठी रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे.

आयोजकांसाठी पत्राचा मसुदा असा केला आहे: "दिनांक अमुक रोजी आमची पार्टी सायंकाळी सात वाजता उपस्थित राहील. गायन साडेसातला सुरू होईल. एकूण बिदागी १४,००० रुपये असून त्यापैकी ४,००० रुपये इसार म्हणून आठ दिवस आधी द्यावेत व उर्वरित रक्कम कार्यक्रम संपल्यावर द्यावी. पार्टी वेळेवर उपस्थित असल्यास बिदागी पूर्ण द्यावी लागेल. श्रोत्यांचे बक्षीस कलाकारांचे राहील." काही सुटले असल्यास कृपया सांगावे.

उत्तर १ देणारे पुन्हा

ताई, मसुदा उत्तम झाला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. इसार किमान साडेआठ हजार करा, म्हणजे अवकाळी पावसाने मंडप पडला तरी गाडीवाला आणि साथीदार यांना तुम्हाला पदरचे द्यावे लागणार नाही. असा कार्यक्रम रद्द झाल्यास इसार परत मिळणार नाही, हेही लिहा. आणि "कार्यक्रम संपल्यावर" हे शब्द काढून "गायन सुरू होण्यापूर्वी" असे लिहा. मंडप रिकामा झाल्यावर तुमच्यासोबत बोलायला अध्यक्ष थांबलेले नसतात.