मदत हवी आहे: विसरभोळ्या आजींच्या तोंडून सांगितलेली रहस्यकथा मराठीत आहे का?

नमस्कार मंडळी, एमा हीली यांची एलिझाबेथ इज मिसिंग ही २०१४ची इंग्रजी कादंबरी नुकतीच वाचून संपवली. मॉड नावाच्या डिमेन्शिया झालेल्या आजी स्वतःच गोष्ट सांगतात, मैत्रीण एलिझाबेथ कुठे गेली ते शोधतायत आणि मधेच १९४६ साली गायब झालेली त्यांची बहीण सुकी आठवते, म्हणजे दोन रहस्यं एकात एक गुंतलेली. खिशात चिठ्ठ्या, पण कुठली कधी लिहिली तेच आठवत नाही, आणि घरात डबाबंद पीच पडलेले असताना पुन्हा तेच विकत आणतात.

माझ्या आईला गेली तीन वर्षं हाच आजार आहे. परवा तिच्या ब्लाऊजमध्ये घडी घातलेली चिठ्ठी सापडली, 'दूध आलं का विचार', आणि मला रडूच आलं, कारण आम्ही सगळे तिला "अगं सांगितलं ना मघाशी" म्हणून गप्प करतो. पुस्तकात मॉडलाही कोणी खरं मानत नाही, पण तिचा धागा चुकीचा नसतो!

बाबा इंग्रजी वाचत नाहीत आणि दिवसभर आईजवळ तेच असतात, त्यांना हे आतून कळायला हवंय असं फार वाटतं. तर याचा मराठी अनुवाद झालाय का? नसेल तर रुग्णाच्याच तोंडून सांगितलेली एखादी मराठी कादंबरी किंवा कथा सुचवा ना, माहितीपर पुस्तकं नकोत, ती डॉक्टरांनी दिलीत. ऑडिओ असेल तर फारच बरं, बाबांचा मोतीबिंदू अजून काढायचाय.