बारावीच्या मुलीने मला विश्वासाने सांगितलंय; कॉलेज म्हणतं ‘आधी समिती’

तासिका शिक्षिका (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तासिका तत्त्वावर, हे चौथं वर्ष. गावाचं किंवा संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यावरून मुलगी कोण ते लगेच कळेल.

गेल्या गुरुवारी प्रॅक्टिकल सुटल्यावर बारावीची एक मुलगी परीक्षानळ्या धुवायला म्हणून मागे थांबली. नळ्या धुऊन झाल्या, स्टँडला उलट्या लावून झाल्या, तरी ही नळाखाली हात धरून उभी. मी नळ बंद केला तेव्हा म्हणाली, “मॅडम, माझं फिजिक्सचं जर्नल तुम्ही आणून द्याल का?”

मग हळूहळू बाहेर आलं. सरांनी तिचं जर्नल दिवाळीपासून अडकवून ठेवलंय. घ्यायला गेलं की “साडेपाचनंतर ये, एकटी ये.” त्या वेळी लॅबमध्ये कोणी नसतं. रात्री अकरा-साडेअकराला मेसेज. दोनदा अंगाला हात लावला. कसा, कुठे, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं तेवढं ऐकलं आणि “तुझं काही चुकलेलं नाही” एवढंच म्हटलं. तिला सतरा पूर्ण आहेत, जूनमध्ये अठरा पूर्ण होतील.

त्याच संध्याकाळी प्राचार्यांना भेटले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण घाबरले. म्हणाले, “आपली सीनिअर कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आहे ना, सोमवारी बसू. मुलीला लेखी द्यायला सांगा, सरांनाही समोर बोलावू. पुराव्याशिवाय पोलिसांत गेलो तर तिचं वर्ष जाईल, सरांची नोकरी जाईल, कॉलेजचं नाव जाईल.” रात्री संस्थेतल्या एकांचा फोन आला. चौकशी अगदी गोड शब्दांत: “मॅडम, तुमची ऑर्डर या वर्षापुरतीच आहे ना?”

मुलीची आई रडते आणि म्हणते, धाकटीचंही लग्न व्हायचंय, गाव काय म्हणेल. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

मला विचारायचंय ते असं. समिती आधी बसलीच पाहिजे का? माझ्याकडे पुरावा नाही, फक्त तिचे शब्द आहेत, ते पुरेसे आहेत का? आई नको म्हणत असताना मी पुढे जाऊ शकते का? आणि प्रॅक्टिकलचे ३० गुण त्याच सरांच्या हातात आहेत, परीक्षा तोंडावर आली. तिचं काय होईल? दोन रात्री झोप नाही. कृपया ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

वकीलबाई

ताई, मी जिल्हा न्यायालयात पोक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची, प्रकरणं चालवते. तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने सांगत नाही, महत्त्वाचं आधी.

ती अठराच्या आत आहे, म्हणजे कायद्याने बालक. बारावीला असो, कॉलेज सीनिअरच्या आवारात असो, काही फरक पडत नाही. पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्तीसुद्धा आहे, त्याने पोलिसांना कळवायचंच. ‘कळवू शकतो’ नव्हे. तुम्हाला गुरुवारी कळलं, प्राचार्यांना गुरुवारी संध्याकाळी कळलं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. हे प्राचार्यांना शांतपणे वाचून दाखवा. घाबरलेल्या माणसाला कशाला घाबरायचं ते नीट कळलं तर तो बरोबर वागतो, असा माझा अनुभव आहे.

पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. तुम्ही सद्भावनेने कळवलंत तर त्याबद्दल तुमच्यावर कुठलीही कारवाई होऊ शकत नाही, हेही त्याच कलमात आहे. कळवायला आईची संमती लागत नाही. पण आईला बाजूला टाकू नका, आधी तिच्याकडे जाऊन बसा. तिला सांगा की जबाब घरी किंवा मुलगी म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, त्या गणवेशात येत नाहीत, आणि मुलीचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं. मुलीचं नाव छापायला बंदी आहे. चौकीच्या बाकावर मुलीला तासन्‌तास बसवतील, ही आयांची सगळ्यात मोठी भीती असते. पोलिसांनी अठराच्या आतल्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

समितीचं म्हणाल तर ती नोकरीपुरती चौकशी करते. ती जरूर करू दे, पण तिच्यासाठी पोलिसांना थांबवता येत नाही. आणि ‘समोरासमोर’ तर अजिबात नको. पोलिसांनीसुद्धा जबाब घेताना मुलगी आरोपीच्या समोर येणार नाही हे बघायचं असतं, मग कॉलेजने तिला त्याच्यासमोर का बसवायचं?

मेसेज डिलीट करू नका, फोन तसाच राहू द्या. लेखी पत्र द्या, पोहोच घ्या. ठाण्यात टाळाटाळ झाली तर १०९८ वर फोन करा, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जा. एक प्रकरण सगळ्या शिक्षकांना माहीत हवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तिथे तपासणाऱ्या डॉक्टरने माहीत असून कळवलं नाही असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ ला तो निकाल फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं म्हटलं.

निवृत्त पर्यवेक्षक

मॅडम, मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात होतो, शेवटची सात पर्यवेक्षक म्हणून. तुमचे प्राचार्य आज जिथे उभे आहेत तिथे मी २०१४ मध्ये उभा होतो, म्हणून लिहितो.

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर होतं. परत आल्यावर अकरावीच्या एका मुलीने कार्यालयातल्या एका माणसाबद्दल अर्ज दिला. वहीचं पान फाडून, निळ्या शाईत, आठ ओळी. आम्ही चौघे बसलो, चहा झाला, आणि ठरलं की मुलीच्या भवितव्याचा विचार करून त्याला संस्थेच्या दुसऱ्या शाखेत पाठवावं. पोक्सो येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या चौघांपैकी एकानेही तो वाचलेला नव्हता. मुलीने बारावीला दुसरीकडे प्रवेश घेतला. आम्हाला वाटलं, मिटलं.

दोन वर्षांनी त्या शाखेतून त्याच माणसाबद्दल तसाच अर्ज आला. तिथेही ती मुलगी सोळाचीच होती. तिच्या वाटेला तो माणूस आम्ही पाठवला होता. मी आजही ते दुसरं काहीतरी होतं असं म्हणू शकत नाही.

तुमच्यावर दबाव येईल. ऑर्डरचा विषय निघाला तो फोन कधी आला, कोणाचा आला, तारीख-वेळ लिहून ठेवा.

कॉलेजच्या रचनेतली खरी गोची वकीलबाईंना कदाचित दिसणार नाही, ती सांगतो. ज्युनिअर शालेय शिक्षण विभागाकडे, सीनिअर उच्च शिक्षणाकडे. आवार एक, जिमखाना एक, शिपाई एक, पण सतरा वर्षांची मुलं कोणाची, हे कोणी विचारत नाही. सीनिअरच्या समितीत बसणाऱ्यांना सगळे विद्यार्थी प्रौढ वाटतात. मुलांच्या सुरक्षेसाठीची, शाळांमधली सखी सावित्री समिती आमच्याकडे पुढे आली तीही फक्त फलकावर. आणि जर्नल! बाहेरच्या माणसाला कळणार नाही त्या सहीत किती ताकद आहे. प्रमाणित जर्नल नसेल तर पोरं प्रॅक्टिकल परीक्षेच्या विचारानेच गळाठतात. माझ्यानंतरच्या पर्यवेक्षकांनी एक केलं: जर्नल तपासायचं ते बॅचसमोर, टेबलावर, त्याच दिवशी परत. लॅबच्या दाराला काच बसवली. खर्च फारसा नव्हता. मी सात वर्षांत ते केलं नाही.

दोन मुलींचा बाप

मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून विचारतो, राग मानू नका. एखादी तक्रार गैरसमजातून झाली आणि थेट गुन्हा नोंदला गेला, तर त्या माणसाचं काय? आधी आत शहानिशा केली तर दोघांचं भलं नाही का?

वकीलबाई

दादा, प्रश्न रास्त आहे. पण आतली शहानिशा करणार कोण? रोज एकत्र डबा खाणारे सहकारी. त्यांनी निर्दोष ठरवलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, दोषी ठरवलं तर म्हणतात राजकारण झालं. शिवाय त्या चार दिवसांत मेसेज जातात, मुलीवर दबाव येतो. सर निर्दोष असतील तर त्यांनाही नीट तपासच हवा. आणि कळवणं म्हणजे दोषी ठरवणं नव्हे.

तासिका शिक्षिका

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते, अर्धंच झालंय.

शनिवारी सकाळी आधी आईकडे गेले. गणवेश नाही, घरी येतात, नाव छापत नाहीत, हे तीनदा सांगावं लागलं. शेवटी ती म्हणाली, “आमच्या घरी नको, शेजारी बघतील. माझ्या बहिणीकडे या.” वडिलांना तिनेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बसले.

पत्र मी हाताने लिहिलं, एक पान. ठाण्यात दिलं, शिक्क्याची पोहोच घेतली, प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मी कलम १९ मोबाईलवर उघडून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मलाही पत्र द्यावं लागेल,” आणि लेटरहेड मागवलं. पर्यवेक्षक सर, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचायला दिला होता. त्याने किती काम केलं ते तुम्हाला सांगायला हवं.

जबाब मावशीच्या घरी झाला. उपनिरीक्षक मॅडम साध्या साडीत आल्या, आधी पाणी मागितलं, मग मुलीला विचारलं की दार लावू की उघडं ठेवू. उघडं ठेव म्हणाली. मी शेजारी बसले होते.

दुपारी पोलिसांसमोर फिजिक्स लॅबचं कपाट उघडलं. तिच्या एकटीचं जर्नल असेल असं मी धरून चालले होते. नऊ निघाली. नऊही मुलींची. बाकीच्या आठजणींना मी काहीही विचारलेलं नाही, ते ज्यांचं काम आहे ते करतील. मी फक्त मधल्या सुट्टीत माझी लॅब उघडी ठेवते आणि तिथेच बसते.

माझ्या ऑर्डरचं काय होईल माहीत नाही. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवली आहे.

जबाब संपल्यावर ती पहिल्यांदा बोलली ते हे: “मॅडम, माझा सोनोमीटरचा प्रयोग राहिलाय. जर्नलवर सही कोण करणार?” सीनिअरच्या फिजिक्सच्या एका मॅडम तयार झाल्या आहेत. सोमवारी अकरा वाजता तिची बॅच आहे. मीही लॅबमध्ये बसणार आहे, दोन्ही दारं उघडी ठेवून.