प्रति: तळलेलं अ‍ॅलिगेटर चिवट का होतं?

वरच्या प्रश्नात म्हटलंय ना की घरी तळलेलं अ‍ॅलिगेटर (मगरीच्या जातीचा प्राणी, त्याचं मांस) रबरासारखं झालं, अगदी सेम माझं झालेलं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात आल्यावर हौसेने फ्रोझन पाकीट आणलं आणि चिकनसारखं दहा मिनिटं तळत बसलो, मग काय, चावून चावून जबडा दुखला. तळायला शेपटीचंच मांस घ्या, पायाचं असेल तर सरळ रस्सा करा. पिवळट चरबी आणि पांढऱ्या शिरा सुरीने पूर्ण काढायच्या, तो जो माशासारखा उग्र वास येतो ना तो त्या चरबीचाच. मग इंचभर तुकडे रात्रभर बटरमिल्कमध्ये (इथलं घट्ट, आंबट; आपलं पातळ ताक नको), मैदा आणि मक्याचं पीठ निम्मं निम्मं, त्यात केजन मसाला (लुइझियानाचा तिखट मसाला), तेल ३५० ते ३७५ फॅरेनहाइट आणि २-३ मिनिटं बास. एका वेळी सात-आठच तुकडे सोडा, भज्यांसारखी कढई भरली की तेल गार पडतं आणि पीठ सुटून येतं. इथे सोबत रेमुलाड सॉस (मेयोनीजचा चटपटीत सॉस) देतात, मी लसणाची सुकी चटणी भुरभुरवली आणि "मगर? माझ्या कढईत?" म्हणणाऱ्या बायकोनेच शेवटचा तुकडा उचलला.