सेल सायकल इनहिबिटरला मराठीत काय म्हणायचं?

चिंचोका: मंडळी, एक शब्द हवाय. भाची मराठी माध्यमातल्या पोरांसाठी सायन्सचं पोस्टर करतेय, विषय पी-२१ नावाचं प्रथिन. इंग्रजीत त्याला सेल सायकल इनहिबिटर म्हणतात. तिने 'पेशीचक्र निरोधक' असं लिहिलं आणि घरात सगळे फिदीफिदी हसायला लागले, आमच्या पिढीला निरोध म्हटलं की लाल त्रिकोणच आठवणार ना. दुसरं काही सुचवा. आणि हे प्रोटीन नक्की करतं काय? एकीकडे वाचलं वाढ थांबवतं, दुसरीकडे वाचलं मरण थांबवतं, माझं डोकंच थांबलं.

जुनी_दौत: निरोध बिचारा मूळचा सोवळा शब्द हो. 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः', पतंजलींचं दुसरंच सूत्र. पण आता तो गेला हातातून. 'अवरोधक' लिहा. 'प्रतिबंधक' मात्र नको, त्यात मुळात होऊच न देणं येतं, जशी रोगप्रतिबंधक लस. इथे चक्र फिरतंय आणि मधेच अडवलंय.

लॅबमांजर: लॅबमध्ये आम्ही सरळ 'ब्रेक' म्हणतो :) पण काम सांगते. पेशीची दोन व्हायची तर सीडीके नावाची विकरं (एन्झाइम) चालू व्हावी लागतात आणि ती एकटी चालत नाहीत, सायक्लिन नावाचं प्रथिन जोडीला लागतं. पी-२१ या जोडीला जाऊन चिकटतं आणि जोडी बंद पडते, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू होण्याआधीच पेशी थबकते. पी-२१ ला बोलावतं कोण, तर बऱ्याचदा पी-५३ नावाचं दुसरं प्रथिन. उन्हाने नाहीतर रेडिएशनने डीएनए तुटला की पी-५३ जागं होतं, पी-२१ चं जनुक चालू करतं, आणि पेशीला दुरुस्तीला वेळ मिळतो. १९९३ मध्ये वेगवेगळ्या लॅबना हे एकाच सुमारास सापडलं आणि प्रत्येकाने आपापलं बारसं केलं, म्हणून वॅफ-१, सिप-१ अशी नावं दिसली तर घाबरू नका, बाळ एकच आहे. २१ म्हणजे साधारण २१ किलोडाल्टन वजन. गंमत म्हणजे पी-५३ चं खरं वजन ४४ च्या आसपास आहे, तेव्हा प्रथिनांचं वजन मोजायच्या जेलवर ५३ दिसलं आणि तेच नाव चिकटलं.

करवंद: हे ऐकून मला 'उटी' आठवली. घाटात गाडी बंद पडली की क्लीनर उडी मारून चाकामागे दगड लावतो ना, ती उटी. चाक मोडत नाही, गाडी फक्त जागच्या जागी राहते, काम झालं की दगड काढायचा आणि निघायचं.

लॅबमांजर: वा! अवरोधकपेक्षा हे भारी, कारण अवरोधक म्हटलं की रस्त्यावर भिंत बांधल्यासारखं वाटतं. फक्त एक खोच आहे. उटी काही वेळा निघतच नाही, पेशी जिवंत राहते पण परत कधीच विभागत नाही, त्याला सेनेसन्स म्हणतात. आणि दुसरं म्हणजे पी-२१ थोडंसंच असेल तर ते सायक्लिन-डी आणि सीडीके-४ ची जोडी जमवायला उलट मदत करतं. अडवणाराच मध्यस्थ! नावाप्रमाणे वागेल ते प्रथिन कसलं.

जुनी_दौत: सेनेसन्सला 'जरा' हा जुना शब्द आहे, जरामरण मधला. पण 'पेशीची जरा अवस्था' असं लिहिलंत तर लोक 'थोडीशी अवस्था' असं वाचतील, तेव्हा वार्धक्यच बरं.

चिंचोका: हाहा. पण मरणाचं राहिलं की. आणि 'वाढ थांबवतं' हे तरी बरोबर आहे का?

लॅबमांजर: 'वाढ' शब्दातच घोळ आहे. पेशी आकाराने मोठी होणं पण वाढ आणि पेशींची संख्या वाढणं पण वाढ. पी-२१ अडवतं ती संख्या. उटी लावलेली पेशी आकाराने फुगत जाऊ शकते, म्हातारी पेशी मायक्रोस्कोपखाली चांगली पसरट मोठी दिसते. म्हणून पोस्टरवर 'विभाजन थांबवतं' लिहा.
मरणाचं असं की पी-५३ च्या हाताशी दोन्ही हुकूम असतात, थांब आणि मर. पी-२१ म्हणजे थांब, प्यूमा आणि बॅक्स ही प्रथिनं म्हणजे मर. पी-२१ ने पेशी थांबवली की बऱ्याचदा ती मरण टाळते. आतड्याच्या कॅन्सरच्या ज्या पेशींतून पी-२१ काढून टाकलं त्या डीएनए तोडणारं औषध दिल्यावर नीट थांबल्या नाहीत, मेल्या. केंद्रकाबाहेर राहिलेलं पी-२१ तर मरणाच्या यंत्रणेलाच अडवतं. म्हणून कॅन्सरमध्ये ते मित्र की शत्रू हे एका शब्दात सांगता येत नाही. आणि पेशीने मरायचं ठरवलंच तर कॅस्पेझ नावाची विकरं पी-२१ चेच तुकडे करतात.

करवंद: म्हणजे पेशीची आत्महत्या म्हणायची का?

जुनी_दौत: नको हो, लहान मुलांचं पोस्टर आहे. पेशीच्या अशा मरणाला अपोप्टोसिस म्हणतात, हा शब्द १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी आणला, ॲबरडीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, कॉर्मॅक त्यांचं नाव, सुचवला होता. ग्रीकमध्ये अर्थ झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. आपल्याकडे 'पानगळ' आयती पडून आहे आणि आपण 'पूर्वनियोजित पेशीमृत्यू' लिहीत बसलोय, खुनाच्या खटल्यातलं कलम वाटतं ते.

लॅबमांजर: पानगळ गोड आहे, पण पेशी गळून पडत नाही, आक्रसून तिच्या पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या खाऊन टाकतात. कंसात अपोप्टोसिस लिहा म्हणजे झालं.

चिंचोका: ठरलं. शीर्षकात 'अवरोधक', चित्रात चाकामागे दगड आणि खाली मोठ्या अक्षरात 'पी-२१ : पेशीची उटी'. भाची खूश आहे. तिच्या मैत्रिणीने आत्ताच विचारलं, उटी म्हणजे ते हिल स्टेशन ना?

करवंद: तिथे जायच्या घाटात पण लागेल म्हणावं.