नागपुरात दोन मांजरांचा वर्षाचा डॉक्टरखर्च किती धरायचा?

मनीषनगरची माऊ:
घरात दोन मांजरं आहेत. मादी ३ वर्षांची, ४ किलोची, नसबंदी झालेली. दुसरं बोक्याचं पिल्लू, ४ महिन्यांचं. कार्डावर ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) एकच डोस, तोही ९व्या आठवड्यातला. दोघं घरातच असतात, पण गच्चीवर जातात आणि तिथे बाहेरचे बोके येतात. लसी, जंताचं औषध, पिसवांचं औषध, तपासणी असं सगळं धरून वर्षाला किती पैसे बाजूला ठेवावे? एक डॉक्टर ट्रायकॅट दरवर्षी सांगतात, दुसरे तीन वर्षांतून एकदा. कोणाचं ऐकायचं? आजारपणाचा खर्च यात नको, फक्त नेहमीचा सांगा.

धंतोलीचा बोका:
ताई, मादीचा हिशोब सरळ आहे. खाजगी क्लिनिकची फी साधारण ३०० ते ५००, वर्षाला दोन खेपा. रेबीजची लस ३०० ते ५००, ट्रायकॅट ८०० ते १,२००. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, म्हणजे चार, एक ६० ते १०० ला. पिसवांचे थेंब जुलैपासून दिवाळीपर्यंत महिन्याला एक धरा, पाच नळ्या, एक २५० ते ४०० ला. बेरीज ३,२०० ते ५,१०० होते.

पिल्लाचं पहिलं वर्ष महाग जातं. ९व्या आठवड्यातल्या एका डोसवर विसंबू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर ती लसच निकामी करते, आणि ती कधी उतरेल ते पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून शेवटचा डोस १६ आठवडे उलटल्यावरच हवा. तुमच्या पिल्लाला आता एक, मग ३ ते ४ आठवड्यांनी दुसरा, आणि पुढचा बूस्टर डॉक्टर सहा महिन्यांनंतर ठरवतील. रेबीजची लस आत्ताच घ्या. तीन ट्रायकॅट, एक रेबीज, चार खेपा, पाच गोळ्या, पिसवांचे थेंब आणि नसबंदीचे २,५०० ते ५,००० धरले तर ८ हजार ते साडेतेरा हजार.

पैसे वाचवायचे असतील तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केस पेपर खूप स्वस्तात निघतो. गर्दी असते, कुत्री असतात. पिंजऱ्यावर ओढणी टाकून न्या, आणि लस बाहेरून आणायची आहे की तिथे मिळते ते आधी विचारून घ्या.

लसीचं कार्ड:
एक वर्ष की तीन वर्ष, दोघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. ट्रायकॅटमध्ये तीन आजार येतात: पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार), हर्पिस आणि कॅलिसी. पॅनल्यूकोपेनियाविरुद्धचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. हर्पिस आणि कॅलिसी म्हणजे शिंका, डोळ्यांतली घाण, तोंडातले फोड. त्यांच्याविरुद्धची ताकद तेवढी पक्की नसते, वर्षभरात ओसरायला लागते. घराबाहेर न पडणाऱ्या, पाहुणी मांजरं न येणाऱ्या मांजराला तीन वर्षांचा अंतराल चालतो. तुमच्याकडे गच्चीवर बाहेरचे बोके येतात, म्हणून मादीला दरवर्षी द्या. गच्चीला जाळी लावली तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तसं सांगा, तीनपैकी दोन वर्षं हजारेक रुपये वाचतील. रेबीजमध्ये मात्र तडजोड नाही, ती दरवर्षी.

आता नागपूरची गोष्ट. लसीला २ ते ८ अंश तापमान लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुकानातून कुपी घेऊन पिशवीत घालून उन्हातून नेलेली लस पैसे वाया घालवते, वर मांजर सुरक्षित आहे असा गैरसमज राहतो. क्लिनिकच्या फ्रिजमधलीच घ्या. ट्रायकॅटच्या एका बाटलीत सुकी वडी असते आणि दुसऱ्यात पाणी. दोन्ही तुमच्या समोर मिसळून अर्ध्या तासाच्या आत टोचायला हवं. नंतर बाटलीचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवून घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, नुसती तारीख लिहिलेल्या कार्डाचा फारसा उपयोग नाही. टोचल्यावर २० ते ३० मिनिटं तिथेच बसा. तोंड सुजलं, उलटी झाली तर डॉक्टर जवळ असलेले बरे. एक-दोन दिवस सुस्ती आणि कमी खाणं नेहमीचं.

मनीषनगरची माऊ:
खूप मदत झाली. आमच्या नात्यातल्यांकडे कुत्रा आहे, ते म्हणतात त्याची मोठी पिसवांची नळी घेऊन दोन मांजरांना वाटून लावा, स्वस्त पडेल. आणि जंताच्या गोळीची पावडर दुधात घालू का? पिल्लू गोळी थुंकतं.

औषधाचं दुकान:
कुत्र्याचं औषध अजिबात नको ताई. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत, पावडरीत आणि शॅम्पूत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराचं यकृत ते फोडू शकत नाही. काही तासांत थरथर सुरू होते, मग झटके येतात. चुकून लागलंच तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. मांजरासाठी फिप्रोनिल या पिसवांच्या औषधाच्या ०.५ मिलीच्या नळ्या मिळतात. मानेवरचे केस बाजूला सारून कातडीवर लावा, केसांवर लावले तर काम करत नाहीत. दोघं एकमेकांना चाटतात म्हणून वाळेपर्यंत वेगळे ठेवा.

पिसवा आणि जंत वेगळे नाहीत. पिसू गिळली गेली की पोटात टेपवर्म वाढतो, शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसतात. नुसती गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर जंत महिन्या-दोन महिन्यांत परत येतात, गोळीचे पैसे वाया.

पावडर दुधात नको. जंताच्या गोळीतलं प्राझिक्वान्टेल हे औषध फार कडू असतं, पिल्लू सगळं दूधच सोडून देईल. गोळीची मात्रा वजनावर असते, पॅकवर ४ किलोला एक असं लिहिलेलं असतं. पिल्लाचं वजन नीट मोजा. स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग पिल्लाला घेऊन उभे राहा, फरक काढा. साध्या काट्यात अर्धा किलो इकडेतिकडे होतो, लहान पिल्लाला स्वयंपाकघरातला काटा बरा. गोळीचा तुकडा जिभेच्या अगदी मागे ठेवून तोंड बंद करा, मग सिरिंजने २ ते ३ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू सोडा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकू शकते. तोंडाला फेस आला तर घाबरू नका, तो चवीमुळे येतो.

आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, मांजरात एक गोळीही जीव घेते.

धंतोलीचा बोका:
नसबंदीचं राहिलं. बोका ५ ते ६ महिन्यांचा असताना करा, घरात लघवीचे फवारे मारायला लागायच्या आधी. दर विचारताना त्यात भूल, वेदनाशामक, गळ्यातली टोपी (जखम चाटू नये म्हणून घालतात ती) आणि तपासणीची फेरी धरली आहे का ते विचारा. २,५०० वाला दर पुष्कळदा या चार गोष्टी वगळून सांगितलेला असतो. पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवू नका, किती तास ते डॉक्टर सांगतील. नवतप्याचे (मेअखेरच्या कडक उन्हाचे) दिवस टाळून सकाळी आठची वेळ घ्या, ऑटोमध्ये पिंजऱ्यावर ओला टॉवेल टाका. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर वाटेतच सावलीत थांबा.