अनफोल्ड-फोल्ड: प्रत्येक ओळ खरी, तरी प्रोग्राम थांबत नाही

मेघना_क:
बर्स्टॉल-डार्लिंग्टन यांच्या १९७७ च्या अनफोल्ड-फोल्ड पद्धतीनं यादी उलटी करायचा प्रोग्राम काढतेय. अनफोल्ड म्हणजे नावाच्या जागी त्याची व्याख्या लिहायची, फोल्ड म्हणजे व्याख्येच्या जागी पुन्हा नाव. स्पेसिफिकेशन, म्हणजे काय हवं ते, असं (ड हा यादीचा पहिला घटक, श उरलेली यादी, ++ म्हणजे दोन याद्या जोडणं):

उलट([]) = []
उलट(ड:श) = उलट(श) ++ [ड]

हे चालतं, पण ++ दर वेळी डावीकडची अख्खी यादी उपसतं. १००० घटकांच्या यादीला एकूण ४,९९,५०० घटक उपसले जातात. म्हणून नवी व्याख्या घेतली:

उलटजोड(य, स) = उलट(य) ++ स

उजवी बाजू लगेच फोल्ड केली, तर हाती आलं उलटजोड(य, स) = उलटजोड(य, स). हे स्वतःलाच बोलावत राहतं, थांबत नाही. नियम एकही मोडला नाही. दोन रात्री गेल्या यात. चुकतंय कुठे?

खडूफळा:
मेघनाताई, नियम खरंच मोडलेला नाही. ही पद्धत हमी एवढीच देते की नव्या प्रोग्रामनं उत्तर दिलं, तर ते जुन्याशी जुळेल. उत्तर येईलच, असं ती म्हणत नाही.

मी शिकवताना दोन खडू घेतो. अनफोल्ड पांढऱ्यानं, फोल्ड पिवळ्यानं. पांढऱ्याआधी पिवळी ओळ आली की मुलांना तिथेच थांबवतो. तुमची पिवळी आधी आली. आता असं करा:

उलटजोड([], स) = उलट([]) ++ स = स

उलटजोड(ड:श, स)
= उलट(ड:श) ++ स
= (उलट(श) ++ [ड]) ++ स (पांढरा)
= उलट(श) ++ (ड:स) (कंस सरकवला)
= उलटजोड(श, ड:स) (पिवळा)

डावीकडे ड:श होतं, उजवीकडे नुसतं श. यादी एका घटकानं आखडली, म्हणून हा प्रोग्राम थांबतो. १००० घटकांना आता हजारभरच पायऱ्या.

मेघना_क:
पण मग हे सगळं यंत्रानं आपोआप का करू नये?

खडूफळा:
उलगडणं (अनफोल्ड) आणि घडी घालणं (फोल्ड) बर्स्टॉल-डार्लिंग्टन यांची सिस्टिम करायची. पण उलटजोडची व्याख्या माणसानंच सुचवायची. त्या पायरीला त्यांनी नावच ‘युरेका’ दिलं. कंस सरकवता येतात हेही आपणच सांगायचं. मला स्वतःला ती युरेकाची पायरीच सगळ्यात मोलाची वाटते.

सिद्धता_आधी:
न थांबण्याची भीती असेल तर मॅना आणि वॉल्डिंगर यांचा १९८० चा मार्ग बघा. तिथे ‘प्रत्येक इनपुटला योग्य आउटपुट आहे’ हे सिद्ध करायचं आणि प्रोग्राम त्या सिद्धतेतून काढायचा. रिकर्सिव्ह कॉल (प्रोग्रामनं स्वतःलाच बोलावणं) येतो इंडक्शनच्या गृहीतकातून, म्हणजे लहान इनपुटांना दावा खरा मानून, आणि ते फक्त लहान इनपुटलाच लावता येतं. तुमची ती ‘उलटजोड(य, स) = उलटजोड(य, स)’ ओळ तिथे लिहिताच आली नसती.

मेघना_क:
चालवून पाहिलं. [३,१,२] दिल्यावर साठा (म्हणजे स) आधी [३], मग [१,३], मग [२,१,३]. थांबला! आता फिबोनाचीला (फिब(न+१), फिब(न)) अशी जोडी घेऊन बसते. पांढरा खडू आधी.