भीमगडातली गावं उठवावीत का?

खानापूरकर:
बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. त्याच्या आतल्या तळेवाडीतल्या २७ कुटुंबांना बाहेर पडायला कर्नाटक सरकारनं घरटी १५ लाख कबूल केलेत. लोक राजी आहेत, मग तुमच्या पोटात का दुखतंय, असं कालच एकानं विचारलं. राजी कसे होतात ते सांगतो. माझ्या आत्याचं गाव आतलंच. तीन पावसाळ्यांमागं तिच्या छातीत कळ आली. बांबूला घोंगडं बांधून चौघांनी खांद्यावर घेतलं, चिखलातून, जळवा झाडत, ॲम्ब्युलन्स थांबली होती तिथवर. रस्ता करू द्यायचा नाही, विजेची तार ओढू द्यायची नाही, आणि मग ‘स्वखुशीनं’ असं लिहून घ्यायचं!

पाणवठा:
आत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण रस्त्यामागून काय येतं ते गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर बघताय की: रिसॉर्ट आणि बाटल्या. म्हादई नदी इथं भीमगडातच उगम पावते. एका अंगाला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसऱ्या अंगाला काळी व्याघ्र प्रकल्प. मधला सांधा भीमगड. बारापेडे गुहेतलं वटवाघूळ तर कितीतरी वर्षं जगात फक्त इथलंच माहीत होतं. मेघालय, कंबोडियात सापडलं ते फार उशिरा. चार पोरं टॉर्च घेऊन आत शिरली तरी सगळा थवा उठतो. राखलंय ते जेमतेम १९० चौरस किलोमीटर, तेही २०११ साली.

खानापूरकर:
टॉर्चवाली पोरं आमच्या गावची नव्हेत ओ, शनिवार-रविवारी शहरातनं येतात. आणि कायदा बघा. राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क उरत नाहीत, अभयारण्यात कलेक्टर ते चालू ठेवू शकतो. भीमगड अभयारण्य आहे. वर २००६ चा वनहक्क कायदा: दावे निकाली निघेपर्यंत कुणाला उठवता येत नाही.

आतला माणूस:
तुम्ही दोघं बाहेरनं भांडताय. मी आत राहतो, आणि मला जायचंय. गवे रात्रीत भात तुडवून जातात. पोरगी शाळेसाठी पाव्हण्यांकडं ठेवलीय, सणाला तेवढी दिसते. पण १५ लाख म्हणजे चार भावांची वाटणी झाल्यावर काय उरतं? जमीन द्या, उताऱ्यावर नाव घालून.

पाणवठा:
जमिनीचं एकदम मान्य. फक्त मोबदला घेऊन पुन्हा शेत कसायला आत येणं नको.

आतला माणूस:
शेताला नाही येणार. देव मात्र तिथंच राहणार की. वर्षाला नारळ ठेवायला जाताना गेटवर तिकीट काढायला लागणार का, तेवढं आधी लिहून द्या.